एस्तरआत्या नाव घेऊन प्रार्थना करायच्या

आमच्या मंडळीत प्रार्थनेसाठी डोळे मिटले की प्रत्येकजण अंग चोरून उभा राहायचा. कारण एस्तरआत्या नाव घेऊन प्रार्थना करायच्या. बाकीचे लोक आजाऱ्यांना बरं कर, दुःखी लोकांना धीर दे, असं मोघम मागतात. आत्यांना मोघम जमायचं नाही. पोस्टमनला घर नीट समजावून सांगावं तसं त्या देवाला सांगायच्या. "प्रभू, आळ्याचा दिवाकर आईला जेवायला वाढतो, पर तोंड वाकडं करून वाढतो. तेवढं त्याचं तोंड सरळ कर." दिवाकर तिथंच तिसऱ्या ओळीत उभा असायचा. प्रार्थनेच्या मध्ये कुणी बोलायचं नसतं, त्यामुळं त्याला उत्तरही देता यायचं नाही. पास्टरसुद्धा सुटायचे नाहीत. "आमच्या पास्टरांना थोडक्यात बोलायची बुद्धी दे. बाया चुलीवर डाळ ठेवून आल्यात."

माझ्या नावाची पाळी आली तेव्हा मी मंडळीत नवी होते. आत्या म्हणाल्या, "हिच्या तोंडाला कुलूप तू लावलंस का हिनं सोतानंच लावलंय ते बघ, आन चावी कुठं हाय ती दाखव." माझे कान तापले. त्यानंतर चार रविवार मी सगळ्यात मागं, दाराशी उभी राहिले.

पण एक होतं. सुरुवात त्या स्वतःपासून करायच्या. "काल शेजारणीची शेळी माझ्या घासाच्या वाफ्यात शिरली. मी दगड मारला. हाकलायला मारला असं तिला सांगितलं. लागावा म्हणून मारला व्हता, तुला ठाऊकच हाय." हे सगळ्यांसमोर, मोठ्यानं. शेळीवाली शेजारीण मंडळीतली नव्हती, पण तिच्या कानावर जायचंच. मग दोन दिवस दोघींचं भांडण, आणि तिसऱ्या दिवशी त्याच शेळीचं दूध आत्यांच्या चहात.

आळेफाट्याच्या अलीकडं ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमागं एक पत्र्याची शेड आहे, तिथं आम्ही जमतो. पंधराएक घरं आहेत. पास्टर मंचरहून मोटारसायकलवर येतात. आत्या पिंपरी पेंढारहून जीपनं यायच्या. ठेंगणी, काळीसावळी बाई. शेतात घालायचा पुरुषी फुल शर्ट साडीवर तसाच. शर्टाच्या खिशात एका बाजूला चष्मा, दुसऱ्या बाजूला मिश्रीची डबी. मिश्री सोडा म्हणून पास्टरांनी किती वेळा सांगितलं. त्या म्हणायच्या, "सगळंच सुटलं तर देवाला माझ्याकडं काय काम राहील? हे एक राहू द्या त्याला."

आत्यांचं आधीचं नाव ठकूबाई. तरुणपणीच नवरा गेला. पदरात एक मुलगी आणि वीस गुंठे जमीन. त्या जमिनीवर दोन वर्षं त्यांनी हातभट्टीची दारू विकली. हे कुणी मागून कुजबुजायची गरज नव्हती. नवीन माणसाला पहिल्याच भेटीत त्या स्वतः सांगून टाकायच्या. त्या काळात जुन्नरहून एक म्हातारी यायची. घरोघर जाऊन शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणं हे तिचं काम. ती दर आठवड्याला ठकूबाईंच्या ओट्यावर बसायची, पाणी मागून प्यायची, मुलीची वेणी घालायची आणि जायची. दारूबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. एकदा ठकूबाई तापानं फणफणल्या, शुद्ध हरपली. म्हातारी तीन दिवस मुक्कामाला राहिली. गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायची, "बाई आजारी हाय. बरी झाली की या."

आत्या हे सांगताना दरवेळी इथं थांबायच्या. मग म्हणायच्या, "तिनं शिव्या देऊन लोकं हाकलली असती तर उठल्याबरोबर मी परत भट्टी लावली असती. पर तिनं माझं गिऱ्हाईक बी तोडलं न्हाई. त्या बाईच्या म्होरं दारू कशी विकायची, सांग." आणि शेवटी, "आधी सुधरा मग या, असं देव म्हणला असता, तर मी आजून भट्टीवरच असते."

त्यामुळंच आम्हाला त्यांच्याकडं जागा मिळाली.

माझा नवरा विलास. तोंडानं मी त्याचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. विलास प्यायचा. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात क्रेट उतरवायचं काम होतं, ते पिण्यापायी गेलं. कुणी दारात उभं करेना. आत्यांनी आपल्या द्राक्षबागेच्या कडेच्या दोन खोल्या उघडून दिल्या आणि पहिल्याच दिवशी फवारणीच्या औषधाच्या खोलीची चावी विलासच्या हातात ठेवली. शेजारचे दगडूभाऊ बांधावर उभे होते. ते म्हणाले, "आत्या, बेवड्याच्या हातात चावी देता व्हय?"

"मग काय शुद्धीतल्या चोराच्या हातात देऊ?"

"तसं न्हाई, पर माणूस लायक पायजे."

"लायक बघत बसले तर पयली मलाच हितनं भाईर काढावी लागंल, भाऊ."

विलासनं ऐकलं. मीही ऐकलं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तो प्यायला नाही. आत्यांची नजर कमी झाली होती, म्हणून संध्याकाळी मी त्यांना शास्त्र वाचून दाखवायची. चौथीपर्यंतच शिकले, अडखळायची. त्या म्हणायच्या, "अडखळ. मला बी इचार करायला टाइम मिळतो."

आता जे झालं ते लिहिते.

द्राक्षाच्या बागेत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बांधावरचं गवत मारायचं तणनाशक द्राक्षाला नुसतं वाऱ्यानं लागलं तरी झाड बिघडतं. म्हणून त्याचा पाठीवरचा पंप वेगळा ठेवतात. आत्यांच्या त्या पंपाला तांबडं फडकं बांधलेलं होतं आणि तो औषधाच्या खोलीत नाही, लांब गोठ्याच्या भिंतीला टांगलेला असायचा. तो फक्त किसन वापरायचा. किसन आणि त्याची बायको हिराबाई घोडेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात राहणारे. दरवर्षी दिवाळी झाली की यायचे, माल उतरेपर्यंत आमच्या शेजारच्या खोपीत असायचे. किसन कमी बोलायचा. हिराबाई त्याची कसर भरून काढायची.

त्या साली छाटणी होऊन महिना झाला होता. फुटवे हातभर वाढले होते, बारीक घड दिसायला लागले होते. आत्या मुलीकडं शिरूरला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होत्या. आदल्या संध्याकाळी विलासला नारायणगावात जुने सोबती भेटले. सकाळी उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बागेत मारायच्या चांगल्या पंपाची बॅटरी तो चार्जिंगला लावायला विसरला होता. आणि आत्या यायच्या आत बागेची फवारणी उरकायची होती.

मी धुणं घेऊन हौदाकडं चालले होते. विलास गोठ्याच्या भिंतीपाशी उभा होता. फवारणी झालेली होती. तो तांबडं फडकं पंपाला परत बांधत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "दोनदा धुतलाय."

मी काही विचारलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी शेंड्याची पानं अरुंद झाली. मग त्यांना चुण्या पडल्या, हातपंखा अर्धवट मिटावा तशा. फुटवे वाकून खाली बघायला लागले. नारायणगावच्या औषधाच्या दुकानातला माणूस येऊन पान उन्हात धरून बघून गेला. म्हणाला, "तणनाशक बसलंय, आत्या. पंपाची गडबड झालीय कुणाकडनं तरी. ह्या साली मालाचं नाव काढू नका. झाडं जगली तरी मिळवलं."

आत्यांनी किसन आणि विलास दोघांनाही अंगणात उभं केलं. हिराबाई खोपीच्या दारात भाकरी थापत होती. मी आमच्या दारात.

"किसन, तांबडा पंप तुझ्याकडं आसतो."

"व्हय. पर म्या बांध सोडून आत न्हाई गेलो."

"मग पंप आपल्या पायानं गेला?"

आत्या विलासकडं वळल्या. विलास जमिनीकडं बघत म्हणाला, "म्या चांगल्या पंपानं मारलं. आदल्या दिशी किसननं त्यात काय वतलं आसंल तर मला ठावं न्हाई."

एवढंच वाक्य. आत्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. त्या बाईचा राग मी बघितला होता, पण तो शेळीवरचा, दोन दिवसांत निवणारा. हा तसा नव्हता. किसनला त्या काय काय बोलल्या ते सगळं मी लिहिणार नाही. नमकहराम म्हणाल्या. डोंगरातून आणून माणसात बसवलं म्हणाल्या. त्याच्या बायकोदेखत. किसननं एकदा तोंड उघडलं, "आत्या, आठ वर्सं झाली मला हितं," आणि त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

दुपारच्या आत ते दोघं गेले. हिराबाईनं तवा गरम होता तसाच चिंधीत धरून पिशवीत घातला. माझ्याजवळून जाताना ती थांबली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आत्यांनी ते दुधाच्या डेअरीवर सांगितलं, जीपमध्ये सांगितलं, मंडळीत सांगितलं. आठवड्याभरात आसपासच्या शिवारात किसनला कुणी फवारणीला बोलवेना. बाग जाळणारा म्हणून त्याचं नाव झालं. विलास जेवायचा नाही. रात्रभर कूस बदलायचा. मी त्याला सांग म्हणाले नाही आणि सांगू नको असंही म्हणाले नाही. खरं कळलं तर आमच्या दोन खोल्या जाणार आणि मंडळीतून नाव जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. दाराबाहेर पडलो की ती वाकडी पानं समोर असायची.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. प्रार्थनेला आत्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली नाही. "प्रभू, डोंगरातल्या किसनचं नाव घेते. त्यानं माझी बाग जाळली. त्याला तू बघ. मी माफ करावं आसं तुझं म्हणणं आसंल तर जरा थांब, आजून मला जमत न्हाई." मी डोळे उघडले. पुरुषांच्या बाजूला विलासनं दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती.

त्यानंतर प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं; ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. आमच्याकडं त्याची एक पद्धत आहे. पास्टर स्वतः ताट घेऊन फिरत नाहीत, ते हातोहात पुढं जातं. भाकरीचा तुकडा आणि रसाचा छोटा पेला प्रत्येकानं आपल्या शेजारच्याला द्यायचा, त्याचं नाव घेऊन. रस आत्यांच्याच बागेतला, मोसमात उकळून बाटल्यांत भरून ठेवलेला. दिवाकरनं पेला पुढं केला. "विलास, हे तुझ्यासाठी." विलासनं पेला हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि ओठाला न लावता ताटात परत ठेवला.

आत्यांना लांबचं धड दिसत नव्हतं, पण हे दिसलं. बाहेर चपला घालताना त्यांनी त्याला गाठलं.

"पेला का सोडला?"

"पोट बिघडलंय, आत्या."

"घोटभर रसानं पोट बिघडत न्हाई," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. जीप येईपर्यंत बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बागेत होत्या. माल जाणार हे कळल्यावरही त्या रोज सकाळी जायच्या, पानं चाचपून यायच्या. विलासनं बांधावर चपला काढल्या आणि आत गेला. मी त्याच्या मागं गेले. का गेले ते माहीत नाही.

"आत्या, तांबडा पंप मी नेला व्हता."

त्यांनी मान वळवली नाही. हातातलं पान सोडलं नाही.

"कवा?"

"तुमी शिरूरला व्हता तवा."

"दारू पेला व्हतास?"

"आदल्या सांजंला."

"हिला ठावं व्हतं?"

मी म्हणाले, "व्हय."

आत्या तेव्हा वळल्या. विलासकडं बघितलं त्याहून जास्त वेळ माझ्याकडं बघितलं. आवाज अगदी खाली होता. "तुझ्या तोंडातनं एक शबुद सुटला आसता, तर तो माणूस गेला नसता." मग त्या ओळीच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तिथंच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. आम्ही घरी येऊन भांडी पोत्यात भरली.

जा, असं त्या म्हणाल्या नाहीत. राहा, असंही म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही पोत्यांवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मी पोत्यातून तवा काढला. सकाळी दाराशी दुधाचा तांब्या रोजच्यासारखा असायचा, पण हाक नसायची. संध्याकाळी वाचायला बोलावणं नाही. त्यांच्या खोलीतून प्रार्थनेचा आवाजही नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ही बाई देवाशीसुद्धा बोलत नाही म्हणजे आता काय होणार.

विलासनं पास्टरांना फोन करून सगळं सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी ते आले. तरुण माणूस, वाईट नाही, पण मंडळीच्या नावाची काळजी त्यांना फार. आत्यांच्या ओट्यावर बसले. आम्ही खाली उभे.

"आत्या, मी विचार केला. खोटं बोलला, दुसऱ्यावर आळ घातला. सहा महिने त्याला प्रभूच्या मेजापासून लांब ठेवू. आणि त्यानं इथं राहणंही बरं नाही. लोक नावं ठेवतील."

आत्या मिश्री लावत होत्या. चूळ भरून आल्या. "पास्टर, ते टेबल तुमचं हाय का?"

"माझं कसं असेल?"

"माझं बी न्हाई. माझं आसतं तर मी ह्याला आसपास फिरकू दिला नसता. माझी बाग गेली. चौदा वर्सं लेकरावानी वाढवलेली झाडं. मला ह्याचं तोंड बघवत न्हाई. मी माफ केलं आसं कुणाला सांगू नका, म्या आजून केलं न्हाई." त्यांनी मिश्रीची डबी खिशात टाकली. "पर तिथं मला कुणी बसवलं, ते मी इसरू कशी?"

"पण शिस्त म्हणून काही असतं, आत्या."

"मग शिस्त माझ्यापासनं धरा. म्या हातभट्टी इकलीय."

पास्टरांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. आमच्याकडं न बघता आत्या म्हणाल्या, "पोती सोडा. उंदरं लागतील." त्या महिन्यात विलासशी त्या एवढंच बोलल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट निघालं तेव्हा आत्या बायकांच्या बाजूनं उठल्या. मधली वाट ओलांडली आणि पुरुषांच्या ओळीत दिवाकरला बाजूला सरकवून विलासशेजारी उभ्या राहिल्या. गॅरेजमध्ये कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, तेवढाच आवाज. आत्यांनी पेला घेतला. पुढं केला. नाव घ्यायचं असतं. त्यांचे ओठ हलले, पण नाव येईना. पेला तिरका झाला, रस शर्टाच्या बाहीवर सांडला. विलास रडत होता, हात पुढं करत नव्हता. मला वाटलं, आता त्या पेला परत ठेवतील, आणि ठेवला तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

"विलास," त्या म्हणाल्या. "हे तुझ्यासाठी."

तो प्यायला. आत्या जागेवर परत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. तोंडावर शांती वगैरे काही नव्हती. ओझं उचलून आलेल्या बाईसारख्या दमलेल्या दिसत होत्या.

मंडळीला वाटलं, संपलं. दिवाकर विलासच्या खांद्यावर थापही मारून गेला. बाहेर विलास आत्यांच्या पुढ्यात आला. "आत्या, मला किसनकडं जायचंय. एकट्याचं धाडस व्हत न्हाई."

आत्या पायरीवर होत्या तिथंच खाली बसल्या. चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्या महिनाभर तुझंच पाप बघत बसले. माझं तिकडं डोंगरात तसंच पडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. आधी त्या डेअरीवर गेल्या. दुधाच्या रांगेत दगडूभाऊ आणि आठदहा माणसं होती. "बाग किसननं जाळली न्हाई. म्या तुमाला खोटं सांगितलं. माझं खोटं जिथं जिथं गेलं आसंल तिथं हे बी न्या," त्या म्हणाल्या. मग जीपनं नारायणगाव, मंचर, आणि पुढं घोडेगाववरून एसटी. वाटेत आत्यांनी एकदाही मिश्रीला हात लावला नाही. उतरून अर्धा तास चढण होती. तीन ठिकाणी बसल्या.

किसन घराच्या कुडाला माती लिंपत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. धुतला नाही त्यानं.

आत्या अंगणाच्या कडेलाच उभ्या राहिल्या. "किसन, तुझी चूक नव्हती. म्या तुझ्यावर आळ घेतला. तुझ्या बायकोदेखत बोलले आन गावभर सांगितलं. डेअरीवर आता खरं सांगून आले, पर ते म्या तुझ्याआधी त्यांना सांगायला नको व्हतं. तुझ्याकडं आधी यायला पायजे व्हतं."

विलास म्हणाला, "पंप म्या नेला व्हता. नाव तुझं घेतलं."

हिराबाई दारात आली. "कवा कळलं तुमाला?"

"महिना झाला," आत्या म्हणाल्या.

"महिना."

"व्हय. लाज वाटत व्हती."

"आन आमाला न्हवती वाटत? आठ दिसांनी काम बघाय खाली आलो, परत जाताना जीपमधी बसलो तर डायवर म्हणला, ह्योच का बाग जाळणारा. धा माणसं बघाय लागली. खाली उतरून चालत आलो आमी घोडेगावपातूर. तुमाला महिनाभर लाज वाटत व्हती." ती माझ्याकडं वळली. "आन तुला तर पयल्या दिशीच ठावं व्हतं. म्या वळखलं व्हतं तुझ्या खाली घातलेल्या मानंवरनं."

मी होय म्हणाले.

किसन एवढंच म्हणाला, "बरं." आणि परत मातीत हात घातला.

एसटीला अजून दोन तास होते. अंगणाबाहेर एक दगड होता, त्यावर आत्या बसल्या. आम्ही खाली. ऊन चढलं होतं. मला वाटलं, आता त्या डोळे मिटून किसनचं नाव घेतील, हिराबाईचं घेतील. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी हळूच विचारलं, "आत्या, प्रार्थना करायची का?"

"काय मागू?" त्या म्हणाल्या. "त्यांनी मला माफ करावं, आसं? त्यांचं गेलंय. त्यांच्याकडनं काय यायलाच पायजे आसं न्हाई." मग, "माफी द्यायच्या जागेवर बसून बोलणं लई सोपं व्हतं."

त्यानंतर आत्या दोन हिवाळे होत्या. शेवटी दवाखान्यात होत्या, तिथं मी त्यांच्या उशाशी बसले, त्यांना मातीही दिली. बाग पुढच्या साली थोडी सावरली. किसन आमच्याकडं परत कामाला आला नाही. दगडूभाऊंकडं यायला लागला, पण आमचा बांध टाळून वरच्या वाटेनं जायचा. हे सगळं झालं. पण आत्या आठवल्या की डोळ्यांसमोर येतात त्या दवाखान्यातल्या नाहीत, त्या दगडावरच्या.

कारण निघायची वेळ होत आली तेव्हा किसननं हात धुतले. आत गेला. आतून हिराबाईचा आवाज चढला, मग बंद झाला. किसन तीन थाळ्या घेऊन बाहेर आला. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कांदा. आमच्यापुढं ठेवल्या आणि उभाच राहिला. "माझं मन साफ झालं न्हाई, आत्या. व्हईल का न्हाई ते बी ठावं न्हाई. पर लांबनं आलायसा. उपाशी कसं धाडू?"

विलासनं थाळी ओढली. आत्यांनी हात पदराखाली घेतले. आल्यागेल्याला बळंच जेवायला घालणारी बाई. मी त्यांना कुणाच्या घरी घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"मला नको, किसन. म्या कुठल्या तोंडानं..."

हिराबाई दारातून आली. तोंड तसंच रागानं ताठ. "घ्या. इख न्हाई घातलं त्यात."

आत्यांनी पदराखालून हात काढले. दोन्ही हातांनी थाळी घेतली, मांडीवर ठेवली आणि जेवायला लागल्या. डोळ्यांतलं पाणी पिठल्यात पडत होतं, ते पुसलंही नाही. हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. आत्यांची भाकरी संपत आली तशी ती आत गेली, चुलीवरची गरम भाकरी घेऊन आली आणि न विचारता त्यांच्या थाळीत टाकली. आत्यांनी वर बघितलं. हिराबाईनं मान दुसरीकडं वळवली, पण ती तिथून हलली नाही. आत्यांनी खाली बघून भाकरीचा तुकडा मोडला आणि परत जेवायला लागल्या.